तंबूतला व्हँपायर आणि गुऱ्हाळावरची बाई

"हाई ते डाकीणच शे व," माझ्या मागे बसलेली बाई म्हणाली, आणि तंबूतल्या बायकांच्या बाजूला कुजबुज थांबली.

पडद्यावर एक मेलेली बाई शवपेटीतून उठत होती. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आलेल्या टुरिंग टॉकीजचा तो संध्याकाळचा खेळ. सिनेमा इंग्रजी. फलकावर घोडे रंगवलेले होते म्हणून गर्दी झाली होती. कनातीपलीकडचे व्यापारी पहिला अर्धा तास फक्त घोडेच बघत होते. "अरे, पिछला पैर देख, लंगडा है!" असं म्हणून एकाने नायकाचा घोडा नापास केला, तेव्हा मलाही हसू आलं.

मी शाळेच्या सुट्टीत मामाकडे आले होते. "इंग्लिश शिकेल पोर शे, तिले इचारा," मामी अभिमानाने म्हणाली. दहा-बारा चेहरे माझ्याकडे वळले. डाकीण शे ना? व्हँपायर म्हणजे रक्त पिणारं इंग्रजी भूत, हे समजावून सांगायचं तर सगळ्यांसमोर बोलावं लागलं असतं. मी नुसती होकाराची मान हलवली. पुढे नायकाने त्या बाईसमोर आरसा धरला आणि तिने तोंड फिरवलं. मी मामीच्या कानात सांगितलं, ती आरशात दिसत नाही, त्यावरूनच तिला ओळखतात. मामीने ते मागच्या रांगेपर्यंत पोचवलं.

आज त्या सिनेमाचा विचार करते तेव्हा वाटतं, त्यात तीन सिनेमे होते. एक घोड्यांचा, एक प्रेमाचा, एक भुताचा. शिवाय मध्ये मध्ये पडणारा, धडपडणारा एक लठ्ठ आचारी. हे सगळं त्यांनी बरं जुळवलं होतं. आचाऱ्याला हसता हसता आपण घाबरायचो, ते कसब खरंच. पण त्या बाईला एकही वाक्य नव्हतं. आचारी बोलायचा, पाद्री बोलायचा, गावातला न्हावीसुद्धा बोलायचा. तिच्याबद्दल सगळ्यांची खात्री झालेली, आणि दिग्दर्शकाने आरसा दाखवून आमचीही करून टाकली. शंका घ्यायला जागाच ठेवली नाही. तेव्हा मला हे कळलं नाही. मी फक्त घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी मामीचा नातू तापाने फणफणला. मामाच्या गुऱ्हाळावर सातपुड्यातून ऊसतोडीला आलेली एक बाई होती. फिकट, हाडकुळी, पाठीशी तान्हं मूल बांधलेली. डोक्यावरचा पदर ती उन्हात खाली येऊ द्यायची नाही. आदल्या दिवशी तिने त्या नातवाला जरा वेळ कडेवर घेतलं होतं.

दुपारी मी चहाची किटली घेऊन गुऱ्हाळावर गेले, तर रस आटवायच्या चुलवणाजवळ बायका गोळा झालेल्या. एकीच्या हातात बाजारातून आणलेला नवा आरसा. तिने तो त्या बाईच्या तोंडासमोर धरला.

"देख ना व! देखत का नई?"

त्या बाईने एकदा बघितलं असेल-नसेल, आणि मान वळवून पदर पुढे ओढला. परक्या बायकांच्या घोळक्यात मीही तेच केलं असतं.

"तिनी तोंड फिरवं! दखं का?"

कोणीतरी मुलाचं गाठोडं तिच्यापासून ओढू लागलं. दुसरी म्हणाली, पुरुषांना बोलवा. डोंगरातल्या गावांत डाकीण ठरवलेल्या बायकांचं पुढे काय होतं, ते मी मामाच्या ओट्यावर ऐकलं होतं. ती बाई ओरडली नाही. तिची भाषा आमच्यातल्या कोणालाच येत नव्हती, हे तिलाही ठाऊक असावं. तिने मूल दोन्ही हातांनी धरून ठेवलं, आणि माझ्याकडे पाहिलं. का, ते माहीत नाही. ती नजर अजून डोळ्यांसमोर येते, बहुधा दुपारीच.

मामी मला बघून म्हणाली, "तू हाईच सांगनी होती ना, आरसाम्हा दिसत नई म्हणून?"

 मी किटली जमिनीवर ठेवली.

"मामी, सिनेमात डाकीण नव्हतीच, आरशाचं ते इंग्रजी भुताचं होतं. मला बोलायची लाज वाटली म्हणून मी मान हलवली. तिचं मूल सोडा."