जाळ्याचा वाटा

ग्रामपंचायतीत निवडून आले तेव्हा माझी समजूत होती की पैसे नसतात म्हणून कामं होत नाहीत. ही समजूत पहिल्याच वर्षी गेली. पैसे असतात. मार्च जवळ आला की ते अखर्चित राहिले म्हणून ग्रामसेवक भाऊसाहेबांची झोप उडते आणि मग घाईघाईत काहीतरी घेऊन टाकावं लागतं. मी अंगणवाडीतून निवृत्त झालेली बाई. आधी भूक बघायची, मग खिचडी वाढायची, एवढंच मला ठाऊक. इथे खिचडी आधी शिजते आणि भुकेलेला माणूस नंतर शोधतात. हे मला अजूनही नीट कळलेलं नाही.

अपंगांचा निधी वेगळा, महिलांचा वेगळा, मागासवर्गीयांचा वेगळा. एकातलं दुसऱ्यात घालता येत नाही. महिलांच्या निधीतून आमच्याकडे शिलाई मशीन वाटतात. आता गावात इतकी मशीन झालीत की निम्म्या घरांत त्यांच्यावर टीव्ही ठेवलाय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. पण सभेत असं बोललं की सरपंच हसून म्हणतात, "काकी, तुम्ही सुचवा ना मग." म्हणून मी आतेचं सुचवलं.

आते म्हणजे अख्ख्या गावाची आते, सख्खा भाचा मात्र एकच. बर्फाच्या कारखान्यामागे जाळी ठेवायची एक खोपी आहे, तिच्यात ती राहते. एका डोळ्याने लहानपणापासून दिसत नाही, दुसऱ्याने धूसर. नवरा मुंबईला गोदीत होता, तो तिकडेच वारला. मूलबाळ नाही. फिट येते. आणि पिते. बाईमाणूस असून पिते, या एका गोष्टीखाली गावाने तिची बाकीची सगळी दुखणी गाडून टाकली होती. कोणी काही म्हणालं की उत्तर ठरलेलं, "ती? ती पिते."

फिटच्या गोळ्या तिला सिव्हिलमधून फुकट मिळायच्या. पण सकाळची कुठली नि संध्याकाळची कुठली हे तिला दिसत नसे, आणि प्यायल्यावर आठवत नसे. पावसाळ्याआधी एकदा ती जेटीच्या काठावर फिट येऊन पडली, कमरेपासून वरचा भाग पाण्यावर लोंबकळत. होडी लागत होती, खलाशांनी पाहिलं आणि पाय धरून ओढली. पुढच्या खेपेला होडी लागत असेलच असं नाही. मला एवढंच हवं होतं, की कोणीतरी सकाळ-संध्याकाळ तिच्याकडे जावं, हातावर गोळी ठेवावी, जेवली का विचारावं. निधी होता, गावात काम शोधणाऱ्या मुली होत्या आणि आते होती. यात अवघड काय आहे ते मला दिसत नव्हतं.

भाऊसाहेब म्हणाले, "आधी अपंगांचा दाखला आणा." म्हणून मी तिला एसटीत घालून रत्नागिरीला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, टक्के भरत नाहीत. फिटचं विचारलं तर ते डॉक्टर वेगळे आणि त्यांचा वारही वेगळा. त्या वारी गेलो तर त्यांनी विचारलं, "पितात का?" मी खरं सांगितलं. मग आधी व्यसन सोडवा म्हणाले. व्यसन सोडवणाऱ्यांकडे गेलो तर, "फिट येणारा पेशंट आम्ही ठेवत नाही." निराधारांच्या टेबलावर सांगितलं, भाचा आहे म्हणजे निराधार कशा? प्रत्येकजण चांगला वागला. एका बाईंनी तर आतेला स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. मला भांडायला माणूसच मिळेना आणि त्याचाच मला जास्त राग आला.

परतीच्या एसटीत आते खिडकीशी बसून हसत होती. मी विचारलं, "काय झालं गो हसायला?"

"माज्याकडं एवढं सगळं हाय," ती म्हणाली, "पण पुरं कायच नाय."

ग्रामसभेत मी विषय मांडला. आमच्याकडे अपंगांचा निधी सगळ्या दाखलेवाल्यांत सारखा वाटतात. यात कोणाची लबाडी नाही. आमचं गाव दर्यावरचं, इथे आलेलं म्हावरं सारख्या वाट्यांनी वाटायची रीत हाडात भिनलेली आहे. एकाला जास्त दिलं तर दुसऱ्या दिवशी माणसं होडीवर येणार नाहीत. मी म्हटलं, वाटताना थोडं काढून ठेवा आणि त्यातून एक मुलगी नेमा. ती आतेकडे जाईल, आणखी दोघं-तिघं अंथरुणावर आहेत त्यांच्याकडेही जाईल.

पायाने अधू असलेला पानटपरीवाला उठला. "म्हंजे आमचा वाटा कापून पिणारीला देणार? तिच्याकडं तर दाखला पण नाय." त्याचंही चूक नव्हतं. त्याच्या वाट्यातून तो दरवर्षी कुबडीचे रबर बदलतो, हे मला माहीत होतं.

तेव्हा मला एकदम सुचलं. माझे वडील होडीचे तांडेल होते, वाट्यांच्या भांडणात मी वाढलेय. मी म्हटलं, "होडीवर माणसांचे वाटे असतात, तसा जाळ्याचाही वाटा असतो ना? जाळ्याला कुठे पोट आहे? तरी आपण काढतो. कारण जाळं शिवलं नाही तर उद्या सगळ्यांनाच उपास. या मुलीचा वाटा तो जाळ्याचा वाटा समजा."

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. पानटपरीवालासुद्धा खाली बसला. इतकी वर्षं बोलतेय, पण माझं बोलणं गावाला असं लागलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मी मनातून फुलले.

मग एक जुना तांडेल सावकाश म्हणाला, "बरोबर हाय बाय. पण जाळ्याचा वाटा जाळ्याच्या मालकाला जातो. आतेचं घरचं कोण हाय?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. आतेचा भाचा दाराशी उभा होता. तो आत आला, टोपी काढली आणि म्हणाला, "आते माजी हाय. मी बघीन तिला."

सभेने सुटकेचा निःश्वास टाकला. घरचं माणूस पुढे आलं, आता बाहेरची मुलगी कशाला? टाळ्यासुद्धा पडल्या. दाखल्याचं तेवढं भागवू, असं भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी ते कसं भागवलं हे मी विचारलं नाही. वाटा भाच्याच्या नावे ठरला. सूचक म्हणून सही माझीच. माझ्याच हाताने मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला की हे असंच व्हायला हवं होतं, ते मला त्या दिवशी कळेना. रक्ताचं माणूस आहे, चांगलंच झालं, असं मी वाटेभर स्वतःला सांगत घरी गेले. मग पोळ्या करताना दोन करपवल्या.

भाचा वाईट नव्हता. तसा असता तर सगळं सोपं झालं असतं. त्याने आतेला घरी नेलं, पडवीत खाट घातली, त्याची बायको गोळ्या द्यायची. गणपतीत मी गेले तर आते धुतलेल्या लुगड्यात बसली होती, पीत नव्हती आणि बोलतही नव्हती. दिवाळीनंतर ती पुन्हा खोपीत गेली. भाच्याची बायको म्हणाली, "आम्ही काय कमी केलं तुम्हीच सांगा, काकी." वाटा त्यांच्याकडे जात राहिला, कारण तो बंद करायला पुन्हा सभा लागते.

त्यानंतर एका सकाळी आते माझ्या दारात उभी. हातात गोळ्यांची पाकिटं. "यातली सकाळची कुठची गो?"

मी दिली. पाणी दिलं, चहा दिला. ती पायरीवर बसून राहिली, म्हणून मीही बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. संध्याकाळी मीच जेटीकडे चक्कर मारू लागले. कधी ती प्यालेली असायची, कधी नसायची, गोळी मात्र चुकली नाही. होडी ओढायला हात लावला की तिला मूठभर म्हावरं मिळायचं, त्यातले दोन बांगडे ती माझ्या पायरीवर ठेवायची. मी नको म्हटलं की चिडायची. फिट यायची पूर्ण थांबली नाही, पण जेटीवर पुन्हा आली नाही. मी ग्रामपंचायतीकडून जे काम पगारावर करून घ्यायला निघाले होते ते आता मी फुकट करत होते, आणि त्याचा वाटा भाच्याला मिळत होता. यावर चिडावं की हसावं, हे मी नवऱ्याला विचारलं. ते म्हणाले, "बांगडे ताजे आहेत."

या वर्षी पुन्हा तोच विषय सभेत आला. या वेळी भाचा स्वतःच उठला, "ती माज्याकडं राहत नाय, माजं नाव काढा." त्याचा आवाज रडवेला होता. आतेही आली होती, मागे भिंतीला टेकून. भाऊसाहेबांनी तिला विचारलं, "आते, तुम्हाला काय पाहिजे?"

माझ्या लक्षात आलं, की हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. रत्नागिरीच्या एवढ्या खिडक्यांत नाही, आणि मीसुद्धा नाही.

आतेने काठी माझ्याकडे केली. "ही पायजे."

लोक हसले. भाऊसाहेब म्हणाले, "या सदस्य आहेत. यांना निधीतून काही देता येत नाही."

"मग देऊ नका. मागतंय कोण?" आते म्हणाली. "ही गोळी देते नि बसते. तुमची पोर गोळी देईल नि जाईल."

"बसण्याचं खर्चाच्या कुठल्या शीर्षाखाली लिहू?" भाऊसाहेबांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं. शेवटी सगळ्यांनी मिळून निधीतून चाकाच्या खुर्च्या घ्यायचं ठरवलं. त्या कोणाला लागणार, हे नंतर बघू म्हणाले. मी हात वर केला की नाही ते मला आठवत नाही. मोजणीत तो धरलेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आते आली. गोळी घेतली, पायरीवर बसली. माझी लेक मुंबईला असते, तिचे दिवस भरत आलेत, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

"लेकीकडं कवा जातंस?" तिने विचारलं.

"अजून ठरलं नाही," मी म्हटलं.

ती चहा पीत राहिली. दारातून समोर दिसणाऱ्या फळीवर, चहाच्या डब्याखाली, माझं मुंबईचं तिकीट होतं. तिला तेवढ्या लांबचं दिसत नाही.