पंपाजवळचा राब

साठच्या दशकाच्या सुरुवातीला परदेशात अणुबाँबच्या चाचण्या चालायच्या आणि त्यांची धूळ वाऱ्यावर बसून आपल्याकडे यायची. ती किती येते हे पाहायला मुळशी धरणाजवळच्या एका बंगल्याच्या ओट्यावर हवा ओढणारा पंप बसवला होता, आणि त्याच्या राखणीला मला. पंपाच्या तोंडाशी कागदाची गोल चकती, हवेतली धूळ तिच्यावर अडकायची. रोज ती बदलून मुंबईच्या कार्यालयाकडे धाडायची, तिथे ते मोजमाप करत. काम म्हणाल तर एवढंच, पण डोक्याला ताप केवढा.

उन्हाळा सरत आला की मावळात राब भाजतात. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, डहाळ्या, पाचोळा पसरून पेटवायचा. मग तण माजत नाही, रोप जोमानं येतं. बंगल्याला लागूनच एका विधवा मावशींचा तुकडा होता. त्यांचा वर्षाचा भात त्याच रोपांवर. आणि आमचा वारा नेमका तिकडूनच यायचा. लांब कुणी राब पेटवला तरी चकती काळीकुट्ट व्हायची, आणि मुंबईचे साहेब फोनवर माझ्यावर तोंडसुख घ्यायचे. त्या वर्षी नवी चाचणी झाली आणि हुकूम आला, आम्ही सांगू तोवर पंपाजवळ काही पेटवायचं नाही. ते कधी सांगणार, देव जाणे. मी मावशींना थोपवत राहिलो. बाकी सगळ्यांचे राब भाजून झाले. पश्चिमेला ढग दाटायला लागले. राब भिजला की कारभार आटोपला. मी फोन करकरून थकलो, पण "थांबवा" यापलीकडे शब्द नाही. आग लागो त्या फोनला.

अखेर एका सकाळी मावशी काडेपेटी घेऊनच आल्या. मी पुन्हा तेच पुराण लावलं.

"तुज्या त्या कागदात समदं घावतं का?" त्यांनी विचारलं.

थापा मारायचाही मला वीट आला होता. म्हटलं, "नाही मावशी. झेनॉन म्हणून एक वायू असतो. बाँबमधून निघतो, अणुभट्टीतूनही निघतो. तो कशाला चिकटत नाही. कागदातून सरळ पार होतो."

"म्हंजी चोर सोडून संन्याशाला फाशी." त्यांनी आवाजही चढवला नाही. "त्यांनी तिकडं पेटवलं, तवा तुज्या सायबानं त्यान्ला थांबिवलं का?"

"ते कुणाचं ऐकतात होय?"

"मंग मीच बरी घावले."

मी उठलो, पंप बंद केला, चकती काढून घेतली. मावशींनी राब पेटवला. धूर सरळ ओट्यावर आला, डोळे चुरचुरायला लागले. तशातच साहेबांना फोन लावून सांगितलं, आज नोंद नाही. कारण विचारलं. मावशींना भात लावायचाय, म्हटलं.

"आणि साऱ्या जगावरच्या संकटाचं काय?" साहेब कडाडले.

"ते मावशींनी आणलेलं नाही," म्हणालो आणि फोन ठेवला.