वैशालीची जागा

गुरुजींनी मारलेली थप्पड मला ऐकूच आली नाही. गाल पेटला, तेव्हा कळलं. चौथीचा वर्ग. मी उजव्या टोकाला, भिंतीशी बसलेली. ते डावीकडून आले आणि त्यांनी तीनदा नाव घेतलं म्हणे. मी पाटीवरून मान वर केली नाही.

"मस्ती आली का वो तुले? बापासारख्या मासोळ्याच पकडशीन जलमभर!"

सगळा वर्ग हसला. वैशालीही हसली. त्याचा राग मला आजही आहे.

वैशाली म्हणजे गुरुजींची मुलगी. आम्हा दोघींना एकाच हिवाळ्यात गालगुंड झालं. गावातल्या बऱ्याच पोरांना झालं, त्यांचे गाल उतरले आणि विषय संपला. आम्हा दोघींचे मात्र डावे कान गेले. तिला गुरुजींनी नागपूरला डॉक्टरकडे नेलं. माझ्या कानात आईनं कोमट तेल घातलं. नागपूरचा मला हेवा वाटला नाही. मी नागपूर पाहिलंच नव्हतं. हेवा वाटला तो तिच्या जागेचा. नागपूरहून परत आल्यावर गुरुजींनी तिला पहिल्या ओळीत, डाव्या टोकाला बसवलं. गेलेला कान भिंतीकडे, चांगला कान वर्गाकडे. तिला हाक मारायची तर ते आधी तिच्या उजवीकडे येऊन उभे राहायचे.

माझी आई शाळेत जाऊन सांगून आली होती, "गुरुजी, पोरीले एका कानानं आयकू नाई येत."

"सगळं आयकू येते, बाई. लक्ष नाई तिचं."

म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं. आपल्या पोरीपुरतं.

माझे बाबा काही सांगायला शाळेत गेले नाहीत. गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तळ्यात, ते जाळं टाकायला जात तेव्हा मी डोंग्यात त्यांच्या मागे बसायचे. हाक मला पोचत नाही हे ध्यानात आलं, तसे ते बांबूनं डोंग्याचं लाकूड ठोकू लागले. तळव्यांना हादरा कळायचा आणि मी वळायचे. यासाठी त्यांना कुणा डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज पडली नाही.

दहावीत माझी शाळा सुटली. वैशाली शिकत गेली, आता नागपुरात कॉलेजात शिकवते. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचे फोटो येतात. मी ते दोन बोटांनी मोठे करून बघते. डावा कान केसांखाली झाकलेला असतो. माझा जळफळाट होतो. आठ-नऊ वर्षांच्या पोरीचा त्यात काय दोष, हे मला कळतं. तरी होतो.

मी गावची आशा सेविका झाले. मागच्या महिन्यात शहरातून एक पथक आलं. ते आधी भामरागडकडच्या गावांत जाणार होतं, पण रस्ते बंद झाले म्हणून आमच्या तालुक्यात आलं. एका कानानं न ऐकणारी मुलं लवकर कशी ओळखायची आणि त्यांना कशाचा जास्त उपयोग होतो, याचं संशोधन. वयाची अट सहा ते बारा. मुलाला हेडफोन लावायचा, आवाज आला की त्यानं हात वर करायचा. माझं काम गावातली पोरं घेऊन येण्याचं.

त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातली छकुली खुर्चीत होती. नऊ वर्षांची. मी दाराशी उभी. तपासणारा तरुण तिच्यासमोर बसून बटण दाबत होता आणि तिचा हात दर वेळी बरोबर वर जात होता. त्यानं कागदावर लिहिलं, दोन्ही कान चांगले.

मी छकुलीचे डोळे बघत होते. ती ऐकत नव्हती, त्याच्या बोटाकडे बघत होती. बोट दबलं की हात वर. आमच्या पोरांना ही सवयच लागते. सरांपुढे उत्तर चुकलं तर मार बसतो, म्हणून उत्तर सरांच्याच अंगावर शोधायचं. मी तेच करत मोठी झाले.

आणि तरी मी गप्प राहिले. खोटं कशाला सांगू? माझा कान कुणी ओळखला होता? मग हिचाच का ओळखावा? तिला अजून काही मिळालंही नव्हतं, आणि मला तिचा हेवा वाटून राहिला होता. तो तरुण पुढच्या मुलाचं नाव विचारू लागला. छकुली खुर्चीवरून उतरायला लागली. उतरली असती तर चांगल्या कानांची म्हणून घरी गेली असती, आणि उद्या वर्गात मार खाल्ला असता.

"सर, थे तुमच्या बोटाकडं पाहून राह्यली," मी म्हणाले.

"ताई, तुम्ही बाहेर थांबा. हे टेक्निकल काम आहे. तुमचं काम मुलं आणायचं."

बरं सर, हे शब्द माझ्या जिभेवर कायम तयार असतात. त्या दिवशी मी ते गिळले. आत गेले, छकुलीला परत बसवलं आणि खुर्चीचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आता वाजवा."

उजव्या कानाला हात वर गेला. डाव्याला गेला नाही. त्यानं आवाज वाढवला. हात मांडीवरच. त्यानं लिहिलेलं खोडलं. माझ्याकडे बघितलं नाही.

नंतर मोठ्या डॉक्टर मॅडमनी छकुलीच्या आईला समजावलं. अर्ध्या मुलांना डोक्याच्या पट्ट्यावरचं ऐकायचं मशीन, अर्ध्यांना वर्गात जागा बदलून. कुणाला काय, ते बंद पाकिटातून ठरणार. छकुलीच्या पाकिटातून जागा निघाली. पुढची ओळ, चांगला कान वर्गाकडे.

"मॅडम, याले उपचार म्हनते?" मी विचारलं.

"हो. हाही उपचारच आहे."

त्यांनी आपणहून माझाही कान तपासला. डावा पूर्ण गेलेला. म्हणाल्या, "तुमचं वय अभ्यासात बसत नाही हो."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. मला नागपूर लागत नव्हतं. मशीन लागत नव्हतं. मला फक्त कुणीतरी वर्गाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला उचलून ठेवायला हवं होतं, आणि ते करू शकणारा माणूस माझ्या गालावर हात उगारत होता. छकुलीचा हेवा वाटला, वैशालीचा पुन्हा वाटला. तो जाईल असं मला वाटत नाही, आणि तो गेलेला मला नकोही आहे. तो होता म्हणून मला छकुलीचे डोळे दिसले.

सोमवारी पुढची चौदा पोरं न्यायची आहेत. मी नेणार. पण पोर आत गेलं की मीही आत जाणार. खुर्चीचं तोंड भिंतीकडे असेल आणि एकेक कान वेगळा तपासला जाईल. सर, मला बाहेर थांबा म्हणाल तर मी बाहेर जाईन, चौदाही पोरं घेऊन. मग बसा रिकाम्या खुर्चीवर संशोधन करत.