विषय नसलेलं पत्र

पुण्याहून बंगळूरला आले तेव्हा मला माझ्या मराठीचा भारी माज होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमची छोटीशी कंपनी एक वेबसाइट बांधत होती, लोकांना आपापल्या भाषेत ई-मेल लिहिता येईल अशी. त्यातलं मराठी माझ्याकडे. एका तक्त्यात इंग्रजी शब्द आणि वाक्यं यायची, शेजारचा रकाना आपण भरायचा. ते वाक्य पडद्यावर कधी आणि कुणासमोर उगवणार, हे कुणी विचारत नसे. मीही विचारलं नाही. दोन आठवड्यांचं काम सहा दिवसांत हातावेगळं केलं आणि सगळ्यांना सांगत सुटले.

माझी परीक्षा झाली ती आमच्या घरमालकीणबाईंकडून. जे. पी. नगरात त्यांच्या माडीवर मी भाड्यानं राहत होते. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत कन्नड मिसळलेलं. सगळ्यांसारखी मीही त्यांना अक्का म्हणायचे आणि त्यांच्या बोलण्याला मनातल्या मनात हसायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा लग्नाच्या बोलण्यावरून भांडून अमेरिकेला गेला होता. आठ महिने पत्र नाही. तिथलं घरही त्यानं बदललं होतं. एका मित्रानं फक्त त्याचा ई-मेलचा पत्ता आणून दिला होता. "ऑफिसात चला, मराठीतून लिहा, आमची साइटही तपासून होईल," असं मीच ऐटीत म्हटलं.

अक्का ठेवणीतली साडी नेसून आल्या. एकेक अक्षर शोधत तासभर त्यांनी पत्र लिहिलं, मला बघू दिलं नाही. मग 'पाठवा' दाबलं. लाल अक्षरं उमटली, 'विषय आवश्यक आहे.' माझंच वाक्य. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी पडद्याला हात जोडले, "चुकलं बाबा," म्हणाल्या आणि खुर्ची मागे सारली.

"अहो अक्का, वरच्या चौकटीत काहीतरी लिहा की. 'खुशाली' लिहा."

"विषय लिहितात ते अर्जात ग. शाळेला, कचेरीला. पोटच्या पोराला कसला विषय? आधीच रागावून गेलाय. आईनं अर्ज केला म्हणेल."

शब्द अगदी बरोबर आहे, असं मी त्यांना समजावत राहिले. बरोबर होताच तो. पण बोलता बोलता माझं लक्ष गेलं, तर त्या पदरानं डोळे पुसत होत्या, आणि मी आपली शब्दकोश घेऊन बसलेली. मला स्वतःची लाज वाटली.

"स्वल्प बसा," म्हणजे जरा बसा, असं त्यांच्याच शब्दात सांगून मी प्रोग्रॅमरकडे गेले. तो खेड्यातून आलेला कन्नड मुलगा, कामात एकदम पक्का.

"सब्जेक्ट तो चाहिए, मॅडम," तो म्हणाला. "सब जगह होता है."

"तुम गाँव में माँ को चिट्ठी लिखते हो, उसमें सब्जेक्ट लिखते हो?"

"सरी," म्हणजे बरं, असं म्हणून त्यानं फाइल उघडली. अर्ध्या तासात सक्ती गेली. ते लाल वाक्य मी माझ्या हातानं तक्त्यातून खोडलं, आणि विषयाची चौकट रिकामी ठेवून अक्कांचं पत्र गेलं.

त्यानंतरचा आठवडा मी अक्कांच्या त्या खुर्चीत बसून माझी सगळी वाक्यं पडद्यावर वाचली आणि निम्मी बदलली. अनुवाद मी आजही करते आणि उत्तम करते, उगाच विनय कशाला? पण आधी पडदा दाखवा, मग तक्ता द्या, ही माझी अट असते.

नवव्या दिवशी उत्तर आलं. मुलानं आमच्याच साइटवर नाव नोंदवून मराठीत लिहिलं होतं. मी अक्कांना रिक्षात घालून ऑफिसात आणलं. चांगलं लांबलचक पत्र होतं, पण त्या लगेच वाचायला लागल्या नाहीत. चष्मा लावून त्यांनी आधी वरच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"इथं त्यानं काही लिहिलं नाही ना ग?"

"नाही अक्का. रिकामं आहे."

"सरी," त्या म्हणाल्या. "म्हणजे राग गेला त्याचा."