ट्रंका खाली काढल्या त्या दिवशी

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. धाकट्या भावाचा फोन आला, की त्याची बदली सरहद्दीवरच्या चौकीत झालीय, तिथं बायकामुलांना नेता येत नाही, दोन वर्षं तरी नाही. फोन खाली ठेवायच्या आत माझं ठरलं होतं. भावजय आणि दोन्ही पोरं माझ्याकडे राहणार. एकटी बाई, मुलगी पाच वर्षांची, मुलगा नुकता चालायला लागलेला. माझ्या घरात दोन खोल्या नुसत्या धूळ खातायत. यात विचारायचं काय? भाऊ तिकडे रुजू झाला, तशी बॅग भरली आणि थेट त्यांच्या क्वार्टरवर जाऊन धडकले.

भावजय शिवणयंत्रावर होती. वर्द्या बेतून द्यायचं काम करते ती. कुणी बारीक होतो, कुणी सुटतो, कुणाला बढती मिळून बाहीवर पट्टी वाढते, ते सगळं हिच्या सुईखालून जातं. बदली झाली की बाकीचं सामान ट्रकमध्ये आणि यंत्र मात्र गाडीत हिच्या पायाशी. नव्या गावात खोकी उघडायच्या आत गिऱ्हाईक दारात.

घर बघण्यासारखं ठेवलंय, मान्य. पडदे ती कधी कापत नाही. प्रत्येक घराच्या खिडक्या वेगळ्या, म्हणून खालून दुमडून टाके घालते आणि पुढच्या घरी उसवते. पोरांची खाट प्रत्येक घरात दाराच्या डाव्या हाताला, पाण्याचा तांब्या उशाशी. का, तर पोरं जागी झाली की बावरू नयेत. मुलीला गल्लीत सगळे जनरल म्हणतात. ती धाकट्याला, म्हणजे गुंड्याला, कवायत करायला लावते आणि तो बिचारा धपकन बसतो.

मी माझा बेत सांगितला. भावजयीनं दोरा दातानं तोडला.

"ताई, आम्ही इथंच राहणार. दोन वर्षं हे क्वार्टर आमच्याकडे ठेवता येतं. एकदा सोडलं की गेलं. जनरलची शाळा आत्ता कुठं अंगवळणी पडलीय."

"आणि पोरगा तापला तर?"

"समोर नर्सबाई राहतात."

"नळ फुटला तर?"

"पाना आहे माझ्याकडे."

अशी बाई! माझ्या तोंडावर दार लावलं नाही, एवढंच. मी रात्रभर धुसफुसत होते.

सकाळी ती गुंड्याला काखेत मारून वर्द्या पोचवायला गेली. घरात मी एकटी. म्हटलं, हिला नुसतं बोलून उपयोग नाही. स्टुलावर चढले आणि माळ्यावरच्या चारही लोखंडी ट्रंका खाली ओढल्या. झाकणं उघडून ओळीनं मांडल्या. समोर दिसल्या की हात आपोआप भरायला लागतील, असा माझा हिशेब.

तेवढ्यात जनरल शाळेतून आली. दारातच थबकली. ट्रंकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चेहरा असा काही फुलला की मलाच माझी पाठ थोपटावीशी वाटली.

"आत्या, खरंच?"

"खरंच तर!"

मग काय, पोरगी भिरभिरायलाच लागली. आत जायची, काहीतरी उचलायची, बाहेर पळायची. तीनचाकी सायकल गेली, रंगांची पेटी गेली, गुंड्याचा मोठा चेंडू गेला. मला वाटलं, खेळतेय. या लोकांची रीतच मला ठाऊक नव्हती. बदली झाली की ट्रंकेत न मावणारं सगळं गल्लीतल्या पोरांना वाटून टाकायचं. आईला तसं करताना तिनं दोनदा पाहिलं होतं.

भावजय परत आली ती मागे तीन शेजारणी घेऊनच. एकीच्या हातात सायकल.

"अगं, निघालात आणि आम्हाला सांगितलंही नाहीस?"

भावजयीनं ट्रंका बघितल्या. मग माझ्याकडे बघितलं. भल्याभल्यांना मी गप्प केलंय, पण त्या नजरेपुढे मीच जवळच्या ट्रंकेचं झाकण लावायला वाकले. तिनं गुंड्याला माझ्या कडेवर दिलं आणि लेकीपुढे खाली बसली.

"आई, मी सगळ्यांना टाटा करून आले," जनरल म्हणाली. "नर्सबाईंनासुद्धा. बाबांकडे सायकल चालवायला जागा नसली तरी चालेल मला."

अरे देवा! या पोरीच्या उभ्या आयुष्यात ट्रंका निघाल्या त्या बाबांकडे जायलाच. दुसऱ्या कशासाठी ट्रंका निघतात, हे तिला माहीतच नव्हतं.

मी घाईघाईनं म्हटलं, "अगं सोने, जाऊ की नंतर..."

"ताई, थांबा." भावजयीनं लेकीचे दोन्ही हात धरले. "बाबांकडे नाही जायचं, बाळा. तिथं आपल्याला राहता येत नाही. मी सांगितलं होतं ना, तेच खरं आहे. आत्याला वाटलं आपण तिच्याकडे राहावं, म्हणून तिनं ट्रंका काढल्या. पण आपण इथंच राहणार. बाबा सुट्टीवर येतील ते याच घरी."

एवढी शूर पोरगी, पण मग जी रडली! आईच्या खांद्यात तोंड खुपसून, हुंदके देऊन रडली. भावजयीनं "गप" म्हटलं नाही, खाऊ दाखवला नाही, मला दोष दिला नाही. नुसती धरून बसली. शेजारणींनी सायकल हळूच आत ठेवली आणि पाठोपाठ चेंडू, रंगपेटी सगळं दारात येऊन पडलं. माझंही नाक वाहायला लागलं होतं, ते मी गुंड्याच्या झबल्याला पुसलं. त्या क्षणी मला पटलं, या पोरांना माझ्या दोन खोल्यांची गरज नाही. यांची आई पुरेशी आहे.

पोरगी शांत झाल्यावर मी पदर खोचला आणि स्टूल ओढलं. भावजय खालून एकेक ट्रंक देत होती, मी वर चढवत होते. जनरल डोळे पुसत स्टुलाचा पाय धरून उभी होती.

"आत्या," ती म्हणाली, "परत उगीच काढू नकोस हं. मला खरं वाटतं."

"नाही गं काढत," मी म्हटलं, आणि शेवटची ट्रंक पार भिंतीला टेकेपर्यंत आत ढकलली.