नाताळचं वगराळं

इंदुताई रणनवरे यांच्या बरकतपुऱ्यातल्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक खिळा आहे, आणि त्या खिळ्याला हातभर लांब दांड्याचं पितळी वगराळं टांगलेलं असायचं. येणारे-जाणारे विचारायचे, एवढ्या मोठ्या पळीने तुम्ही एकट्या बाई कुणाला वाढता? इंदुताई सांगायच्या, हे माझं नाही, मंडळीचं आहे, माझ्याकडे नुसतं ठेवायला दिलंय. हे त्या इतकी वर्षं सांगत आल्या होत्या की आता त्यांचाही त्यावर विश्वास राहिलेला नव्हता.

मंडळी म्हणजे हैदराबादेतली मराठी ख्रिस्ती मंडळी. जालना, औरंगाबाद, नगर अशा भागांतून रेल्वेत, दवाखान्यात, शाळांत नोकरीला येऊन इथेच राहिलेली घरं. त्यांचं स्वतःचं चर्च नाही. तेलुगू मंडळीच्या चर्चमध्ये त्यांना वेळ मिळते. नाताळच्या दिवशी पहाटे तेलुगू उपासना, मग इंग्रजी, आणि देवही जरा टेकला असेल अशा सुमारास मराठी. उपासना झाली की मागच्या हॉलमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण, म्हणजे प्रीतिभोजन. त्याआधी उपकारस्तुती. ज्याला ज्या गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे असतील, त्याने उभं राहून मानायचे. शेवटी कोणीतरी पुढ्यातल्या जेवणाबद्दल आभार मानायचे आणि मग पातेल्यांची झाकणं उघडायची.

यात एक मेख होती, आणि ती इंदुताईंच्या यजमानांनीच मारून ठेवली होती.

नामदेवराव काचीगुड्याला रेल्वेत पार्सल ऑफिसात होते आणि मंडळीचे सेक्रेटरी होते. इंदुताई तेव्हा नर्स होत्या. जालन्याच्या मिशन दवाखान्याच्या आवारात जन्मलेली मुलगी दुसरं काय होणार, असं त्यांचे वडील म्हणायचे. रात्रपाळी करून आलेली बायको नाताळच्या दिवशी साऱ्या मंडळीचं मटण ढवळते आहे, हे नामदेवरावांना काही वर्षं बघवलं, मग बघवेना. सरळ बायकोची बाजू घेणं त्या काळच्या सेक्रेटरीला शोभलं नसतं, म्हणून त्यांनी तत्त्वाची बाजू घेतली. नुसत्या तोंडच्या आभारांनी देवाचंही पोट भरत नाही, असं म्हणून त्यांनी नियम करून घेतला: जेवणाबद्दल जो उठून आभार मानेल, त्याने वगराळं घरी न्यायचं, आणि पुढच्या नाताळचं जेवण त्याच्या घरी शिजायचं. बाकीच्यांनी घरी केलेलं काहीतरी गोडधोड आणायचं.

नियम चांगला होता आणि चांगला चाललाही. वगराळं मलकपेठला गेलं, बोलारमला गेलं, सिकंदराबादला तर दोनदा गेलं. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की आभार न मानण्यावर कसलंच बंधन नाही. ज्या वर्षी नामदेवराव गेले, त्या नाताळला जेवणाच्या आभारांची वेळ आली आणि हॉल गप्प झाला. काळ्या काठाच्या पांढऱ्या साडीतल्या इंदुताई उठल्या. यजमानांचा नियम यजमानांच्या पाठोपाठ जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. वगराळं घरी आलं, खिळ्याला लागलं, आणि पुन्हा कुठे गेलं नाही.

तेव्हापासून दर नाताळला तेच. लोक नातवाच्या व्हिसाबद्दल आभार मानत, गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल मानत, रिंग रोडवर घेतलेल्या प्लॉटबद्दल मानत. जेवणाचं नाव कोणी काढत नसे. मग सगळ्यांचे डोळे इंदुताईंकडे वळत. नळाला पाणी यायची वेळ झाली की माणसं नळाकडे बघतात, तसे. इंदुताई उठत आणि स्वतः शिजवलेल्या जेवणाबद्दल स्वतःच देवाचे आभार मानत. यात देवालाही थोडं अवघडल्यासारखं होत असेल, असं त्यांना अलीकडे वाटू लागलं होतं.

आता सत्तरी उलटली होती. पातेलं उतरवताना कंबरेत कळ यायची ती पुढे ईस्टरपर्यंत राहायची. मुलगा संदेश कुकटपल्लीला राहतो, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याने सुचवलं होतं की आई, बिर्याणी मागवू, भरलेली डेगच येईल. इंदुताईंनी ते जरा आशेनेच मंडळीच्या कानावर घातलं. खजिनदार प्रतापराव फार दुखावले. बाहेरची बिर्याणी तर हैदराबादेत माणूस वर्षभर खातो, ताई, निदान नाताळला तरी घरचं हवं, म्हणाले. घरचं म्हणजे इंदुताईंच्या घरचं, हे सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

म्हणून यंदा इंदुताईंनी ठरवलं होतं की उठायचं नाही. शिजवायचं, कारण गेल्या वर्षी आभार मानून बसलो आहोत. पण पुढच्या वर्षाचं बोलायचं नाही.

हे त्यांनी एकाच माणसाला सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या त्रिवेणी कन्नडकर. त्रिवेणीबाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. घराणं निजामाच्या वेळेपासून सरकारी नोकरीतलं, घरात मांस-मच्छी शिजत नाही आणि चातुर्मासात कांदासुद्धा उंबरा ओलांडत नाही. पण आदल्या दिवशी वर येऊन इंदुताईंना लसूण सोलून देणं हा त्यांचा नेम. लसूण कुणाच्या पातेल्यात जाणार हे लसणीला ठाऊक नसतं, असं त्यांचं म्हणणं.

इंदुताई येसर भाजत होत्या. धान्य आणि मसाले भाजून केलेलं ते पीठ. रस्सा दाट होतो तो त्याच्यामुळे. हात चालवता चालवता त्यांनी नियम सांगितला, नामदेवरावांचं सांगितलं, आणि आपला बेतही सांगितला.

"मग उठू नकोस," त्रिवेणीबाई म्हणाल्या.

"आणि कोणीच नाही उठलं तर?"

"तर गार खातील."

"तसं नाही गं. कोणी नाही उठलं तर पुढच्या वर्षी जेवणच नाही. मराठी उपासनेला निम्मी माणसं त्या जेवणासाठी येतात. जेवण गेलं की उपासनाही जाईल. मग यांचा नियमही नाही आणि काहीच नाही."

त्रिवेणीबाईंनी लसणीची साल फुंकून टाकली. "म्हणजे हैदराबादेतला मराठी ख्रिस्ती धर्म तुझ्या कंबरेवर उभा आहे म्हण की."

इंदुताईंनी घाईने कढई खाली उतरवली. येसर करपायला आलं होतं.

नाताळच्या दिवशी संदेश गाडी घेऊन आला. फोडणीच्या बगारा भाताचं पातेलं डिकीत, मटणाचं मागच्या सीटवर, ते धरायला एका बाजूला इंदुताई आणि दुसऱ्या बाजूला त्रिवेणीबाई. त्या यंदा पहिल्यांदाच निघाल्या होत्या. ही खाली वाकली की हिला वर कोण उचलणार, एवढंच कारण त्यांनी दिलं. जाताना स्वतःसाठी दहीभाताचा डबा घेतला. उपासना चालली होती तेवढा वेळ त्या शेवटच्या बाकावर बसून छताचे वासे मोजत होत्या.

हॉलमध्ये लांब टेबलावर पातेली लागली, शेजारी वगराळं. घरी केलेल्या गोडधोडाच्या जागी पाण्याच्या बाटल्या, उस्मानिया बिस्किटांचे पुडे आणि कागदी रुमाल जमले. रुमाल बऱ्याच घरांनी आणले होते. त्या नाताळला मंडळीने हवं ते सांडलं असतं तरी निभावलं असतं.

उपकारस्तुती सुरू झाली. दिलीप आढावांनी मुलीच्या कॅनडाबद्दल आभार मानले. कुणी शुगर ताब्यात आल्याबद्दल मानले. प्रतापरावांनी कुकटपल्लीच्या नव्या फ्लॅटबद्दल मानले आणि तिथली लिफ्ट बंद पडत नाही याबद्दल वेगळे मानले. संदेशने प्रमोशनबद्दल मानले आणि आईकडे न बघता बसला. पाळकसाहेब तरुण होते, पुण्याहून नुकतेच आलेले. त्यांनी विचारलं, आणखी कोणी?

कोणी नाही.

डोळे वळले. इंदुताई प्लास्टिकच्या खुर्चीत पदर नीट करून बसून राहिल्या. पंखा फिरत होता. दारातून तेलुगू मंडळीच्या येशूजन्माच्या नाटकातले मेंढपाळ डोकावून गेले. डोक्याला टॉवेल बांधलेले, संध्याकाळच्या नाटकाच्या तालमीसाठी त्यांना हॉल हवा होता. पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि पुन्हा विचारलं. आता लोक इंदुताईंकडे काळजीने बघू लागले. बाईंची तब्येत तर बरी आहे ना, अशी ती काळजी होती.

प्रतापराव मागून वाकले. "ताई, रस्सा गार व्हायलाय."

"हौ," इंदुताई म्हणाल्या. "व्हायलाय."

त्यांचे गुडघे सवयीने हलत होते. उठावं आणि मोकळं व्हावं, असं एकदा नाही, बऱ्याचदा वाटलं. आणखी एक वर्ष, त्यात काय. यजमान गेले त्या नाताळलाही त्या हेच म्हणाल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले आणि पातेल्याकडे बघत राहिल्या. कडेची तर्री गोठत चालली होती. आता कोणी उठत नाही, हे त्यांना कळून चुकलं. एवढं कळायला इतकी वर्षं लागली याचंच त्यांना नवल वाटलं, आणि दुःख करायचं तर तेवढी ताकद नव्हती.

तेव्हा शेवटची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी तुमच्या मंडळीतली नाही," त्रिवेणीबाई वर्गात बोलावं तशा स्पष्ट बोलल्या. "पण आभार मानायला बाहेरच्यांना बंदी आहे असं कोणी सांगितलेलं नाही. इंदूने काल दिवसभर आणि आज पहाटेपासून हे शिजवलंय. मी त्यातलं काही खाणार नाही, तरी मला वास येतो. या जेवणाबद्दल मी देवाचे आभार मानते."

हॉल सुटल्यासारखा हलला. कुणीतरी आमेन म्हणून टाकलं. पाळकसाहेबांनी मात्र शेजारच्या माणसाला नियम विचारून घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. नामदेवरावांचा नियम होता, जो उठेल त्याचा. त्यात मंडळीतला की बाहेरचा, असा फरक नव्हता. म्हणजे वगराळं बाईंकडे गेलं, असं ते सावकाश म्हणाले.

"नियम मला माहीत आहे," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मी करीन. साधं वरण, भात, वर तूप. वांग्याची भाजी. गोडाला पुरण. मटण माझ्या घरात शिजत नाही. कांदा घालायचा का, ते पंचांग बघून सांगते."

या मंडळीच्या पणजोबांनी दुष्काळ पाहिले होते, घरच्यांनी टाकलेलं सोसलं होतं, आणि तरी विश्वास सोडला नव्हता. पण वरणभाताचा नाताळ त्यांच्यावर कधी आला नव्हता. हॉलमध्ये जी शांतता पसरली ती उपासनेतही पसरली नव्हती. प्रतापराव बायकोकडे, शर्वरीबाईंकडे, बघत होते. शर्वरीबाई समोर बघत होत्या. आणि मग प्रतापराव उठले. ओढून काढलेल्या दातासारखे उठले, पण उठले.

"देवा," ते म्हणाले, "या मटणाबद्दल... या जेवणाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आणि इंदुताईंचे."

"मी करणार नाही," शर्वरीबाई हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "तुम्ही उठलात, वगराळं तुम्हीच धरायचं."

"मग माझे आभार जास्तीचे समजा," असं म्हणून त्रिवेणीबाई खाली बसल्या आणि त्यांनी दहीभाताचा डबा उघडला.

त्या दिवशी इंदुताईंनी शेवटचं वाढलं. सगळ्यांनी भरपूर खाल्लं, रस्सा गार असल्याचं कोणी बोललं नाही. जाताना प्रतापरावांनी वगराळं वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरलं; आत साप असावा, तसे ते चालत होते. येसरात नेमकं काय काय असतं, हे त्यांनी दारात एकदा आणि गाडीपाशी एकदा विचारलं. इंदुताईंनी दोन्ही वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारायला फोन येणार, हेही त्यांना दिसत होतं.

परतताना संदेश आरशात बघत म्हणाला, "आई, मी उठणारच होतो."

"माहीत आहे," इंदुताई म्हणाल्या, आणि रिकामं पातेलं मांडीवर नीट धरलं.

घरी आल्यावर त्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. खिळा रिकामा होता. मागच्या भिंतीवर वगराळ्याच्या आकाराचा एक फिकट डाग राहिला होता, बाकी भिंत तेलाने पिवळी पडलेली. आपल्याला आनंद व्हायला हवा, असं त्यांना वाटलं, आणि आनंद येईल म्हणून त्या थोडा वेळ थांबल्याही. आलं ते फक्त कंबरेचं दुखणं. सकाळपासून आपण काही खाल्लेलं नाही, हे त्यानंतर आठवलं. दिवसभर मसाल्याच्या वासात राहिलं की स्वतःच्या हातचं मटण घशाखाली उतरत नाही. कुठल्याच नाताळला उतरलेलं नव्हतं.

दिवेलागणीला त्रिवेणीबाई वर आल्या. हातात ताट, त्यात वरणभात, वर तुपाचा ठिपका, कडेला लिंबाची फोड. ताट इंदुताईंसमोर ठेवून त्या पाटावर टेकल्या.

इंदुताईंनी सवयीने हात जोडले, डोळे मिटले.

"जपून," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "आभार मानलेस तर उद्याचा स्वयंपाक तुझ्याकडे."

इंदुताईंनी डोळे उघडले, हात सोडले आणि भात कालवला. जे काय म्हणायचं होतं ते त्या मनातल्या मनात म्हणाल्या. तोंडात घास होता, त्यामुळे कोणी त्यांना धरू शकलं नसतं.