सव्वीस विहिरींचं माप

पिठाच्या गिरणीला लागून, जेमतेम दोन मशीन मावतील एवढी तिची खोली. एका मशीनवर ती शिवायची. दुसरं कधीचं बिघडलेलं, त्याच्यावर गिऱ्हाइकांच्या पिशव्यांचा ढीग. गावात सगळे तिला टेलरबाई म्हणत, सासरच्या घरात ती धाकटी. मापाच्या बाबतीत मात्र ती कुणाला बधायची नाही. "जरा सैल ठेवा," असं कुणी म्हटलं, की ती टेप हातात धरून विचारायची, "जरा म्हणजे किती? अर्धा इंच की दीड?"

नवऱ्याची तीन एकर शेती गावाच्या खालच्या अंगाला होती. एका वर्षी हरभरा ऐन फुलोऱ्यात आला आणि विहिरीनं तळ दाखवला. लागोपाठ दुसरं वर्ष. नवरा दोन दिवस कठड्यावर बसून राहिला.

"आपलं नशीबच कोरडं," तो म्हणाला.

"गेल्या महिन्यात पाणी किती फुटांवर होतं?" तिनं विचारलं.

"होतं बऱ्यापैकी."

"बऱ्यापैकी म्हणजे किती?"

त्याला सांगता येईना. तिनं शेजारच्या शेतात विचारलं, त्याच्या पलीकडे विचारलं. पाणी सगळे उपसत होते, आकडा एकालाही ठाऊक नव्हता. न मोजता कापड कापायचं म्हटलं तर तिच्या अंगावर काटा यायचा, आणि इथे अख्खं शिवार न मोजताच चाललं होतं.

मग तिनं नायलॉनचा लांबलचक दोर आणला. दर पाच फुटांवर लाल चिंधीची गाठ मारली. टोकाला जळलेल्या इस्त्रीचा लोखंडी तळ बांधला. दर रविवारी दुकान बंद ठेवून ती शिवारातल्या सव्वीसच्या सव्वीस विहिरींवर जायची, दोर सोडायची, इस्त्री पाण्याला टेकल्याचा आवाज आला की गाठी मोजायची. खोलीच्या बाहेरची भिंत काळी रंगवून तिनं फळा केला आणि त्यावर आकडे लिहायला लागली.

लोकांना फुकटची करमणूक झाली. "टेलरबाई, विहिरीला इस्त्री करताय की काय?"

"करतेय. सुरकुत्या फार पडल्यात," ती म्हणायची आणि पुढच्या विहिरीकडे वळायची.

वर्षभरात फळ्यावरचे आकडे बोलायला लागले. वरच्या अंगाला तिच्या मोठ्या दिरांची चार एकर केळी होती. केळीला पाणी सुरू झालं की आठवड्याभरात खालच्या सात विहिरी उतरायच्या. एकदा दिरांची मोटर जळाली, दहा दिवस दुरुस्तीला होती. त्या दहा दिवसांत खालच्या सातही विहिरी जागच्या जागी थांबल्या. विहिरी सव्वीस होत्या, पण खाली पाणी एकच होतं.

तिनं शाळेच्या वर्गात सगळ्यांना बोलावलं. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन मोठी माणसं बसली. ती म्हणाली, "पावसाळा संपला की पाणी मोजू. जेवढं असेल तेवढ्यावरच कुणी काय पेरायचं ते ठरवू. पाटानं पाणी सोडणं बंद, ठिबकनंच द्यायचं. आणि केळी कमी करायची."

मोठे दीर उठले. त्यांनी खिशातून पोलादी टेप काढला. "धाकटे, तुझा तो दोर आण."

दोर जमिनीवर पसरला. चाळिसाव्या फुटाची गाठ टेपवर बेचाळिसावर आली. इस्त्रीच्या वजनानं वर्षभरात दोर ताणला होता. वर्गात हशा पिकला. जिनं आयुष्यभर मापाचा तोरा मिरवला, तिचंच माप चुकलं होतं, तेही साऱ्या गावासमोर.

"हिच्या आकड्यांवर आम्ही बागा तोडायच्या?" दीर म्हणाले.

तिनं वाकून ती गाठ हातात घेतली. मग म्हणाली, "दादा, तुमचं बरोबर आहे. माझं चुकलं. फळा मी आजच पुसते. पण दोर लांबलाय, म्हणजे चाळिसाची गाठ पाण्याला टेकली तेव्हा पाणी बेचाळिसावर होतं. मी लिहिलं त्याहून ते खोल गेलंय."

हशा विरला. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "च्यायला, खरंच की."

दुसऱ्या दिवशी तिनं दिरांकडेच तो पोलादी टेप मागितला. दीर काही बोलायच्या आत जाऊबाईंनी तो तिच्या हातात ठेवला आणि चपला घातल्या. "चल, दुसरं टोक मी धरते." तीन दिवस दोघी उन्हात हिंडल्या. नवे आकडे फळ्यावर चढले, शेजारी जुन्या दोराची चूकही तिनं लिहून टाकली. चूक लिहिलेली बघून लोकांचा विश्वास बसला. पुढच्या बैठकीत सगळ्यांनी मान डोलावली. दिरांनी चारातली तीन एकर केळी काढायचं कबूल केलं. तिच्या स्वतःच्या वाट्याला तीनपैकी एकाच एकराचं पाणी आलं. नवरा आठवडाभर फुगून होता. "घरची मापारी, आणि घरचंच शेत पडीक!"

"घरचं आहे म्हणून वाढवलं, तर उद्या कोण ऐकेल?" तिनं एवढंच विचारलं.

त्या साली पाऊस निम्माच झाला होता. थंडी सरताना दिरांनी ठरल्यापेक्षा जास्त मोटर चालवली. पुढच्याच रविवारी ते फळ्यावर दिसलं. ती तडक त्यांच्या बागेत गेली. दीर वाळक्या पानांत उभे होते.

"डोळ्यांदेखत मरू देऊ का यांना?" त्यांनी एका बुंध्यावर हात ठेवला.

"सगळी नाही जगणार, दादा. अर्धी जगतील. अर्धी तोडू, त्यांचीच पानं उरलेल्यांच्या बुंध्याशी पसरू. ओल टिकेल."

दीर स्वतःच कोयता घेऊन पहिल्या झाडाशी गेले. नवरा, जाऊबाई, ती, सगळे दिवसभर पानं पसरत होते.

पुढचा पाऊस येईपर्यंत सव्वीसपैकी चारच विहिरी आटल्या. आधीच्या वर्षी, बऱ्या पावसातही, अकरा आटल्या होत्या. खालच्या अंगाला हरभऱ्याचे घाटे भरले. तिच्या एका एकरात आलेला हरभरा नवऱ्यानं ओंजळीत घेऊन तिच्या मशीनवर आणून ओतला. शिवायला घेतलेल्या झग्यात दाणे अडकले म्हणून ती त्याच्यावर खेकसली, आणि मग हसली.

दीर चुकलो असं कधी म्हणाले नाहीत. पण हल्ली शेजारच्या गावातून कुणी विचारायला आलं, की तेच पुढे होतात. "आम्ही दर रविवारी मोजतो," असं ऐटीत सांगतात आणि पाहुण्यांना फळ्यासमोर उभं करून एकेक आकडा समजावतात. आत ती मशीन चालवत असते. एखादा आकडा ते चुकीचा बोलले, तर मशीन न थांबवता आतूनच दुरुस्त करते.